पावणेअकरा : चॅनल शांत

गेल्या वर्षी सावेडीतल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि म्हणाल्या, "आजोबा, बारीकसा जरी आवाज आला तरी हात वर करायचा." मला हसू फुटलं. बाईंना काय कल्पना, की समोरचा म्हातारा आयुष्यभर दुसरं काही न करता हेच करत आला आहे. तपासणी संपल्यावर त्यांनी कागदावरची घसरत गेलेली रेघ दाखवली. "मधले बरेच आवाज तुम्ही सोडलेत," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "जुनी सवय आहे." त्यांना विनोद वाटला आणि त्या मनमोकळं हसल्या. मला मात्र हसता आलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे पोलिसांच्या बिनतारी खात्यातल्या 'गमतीजमती' मागितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या दोनचार सांगतोही. पण मी ब्याऐंशीचा झालो. आता फक्त गमती सांगून उठलो तर ती लबाडी होईल.

आधी धंदा समजावून सांगतो. आमच्या नगरला (आता अहिल्यानगर म्हणतात, पण माझी जीभ जुनी आहे) एक बिनतारी खोली होती. एक टेबल, एक सेट, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात माठ. हल्लीच्या लोकांना वाटतं, वायरलेस म्हणजे सगळीकडचं सगळं एकदम ऐकू येत असेल. तसं नव्हतं. सेटला एका वेळी एकच चॅनल ऐकू यायचं. चॅनल बदलायचं तर काडेपेटीच्या निम्म्याएवढी एक डबी उपसून दुसरी खोचायची. तिला आम्ही क्रिस्टल म्हणायचो. माझ्याकडे दोन क्रिस्टल असत. लाल दोरा बांधलेली गाड्यांची, म्हणजे साहेबलोकांच्या जीप, दौरे, बंदोबस्त. पांढऱ्या दोऱ्याची गावांची, म्हणजे टेलिफोनची तार जिथे पोचली नव्हती तिथे ठेवलेले लहान सेट. पुण्याशी बोलायला वेगळा सेट आणि वेगळा माणूस होता, त्याला इथे आणत नाही. तर लाल खोचली की पांढरी बहिरी आणि पांढरी खोचली की लाल बहिरी. कोणाचं ऐकायचं याचा निर्णय दिवसातून शंभर वेळा खुर्चीवरच्या माणसाने घ्यायचा. वर कोणी विचारायला येत नसे. आमच्या नोकरीत अक्कल लागायची ती एवढीच, आणि तीच कुठल्या परीक्षेत विचारली जात नव्हती.

ती मला इनामदार हवालदारांनी शिकवली. लष्कराच्या सिग्नलमधून आलेला माणूस, मिशीला पीळ आणि कानावर सदैव हेडफोन, इतका की टोपीची खूण नव्हती पण हेडफोनच्या पट्टीची खूण केसात कायमची पडली होती. ते म्हणायचे, "पाठक, बोलनेवाले का तो कोई भी सुनता है. जो गप बसलाय, तो का गप बसलाय, ते ऐक." मी तेव्हा विशीतला. मला वाटायचं, जो गप बसलाय त्याचं ऐकायचं तरी काय?

पण ते ऐकायचे. एका पावसाळ्यात भंडारदऱ्याकडच्या आमच्या माणसाचा सकाळचा संदेश आला नाही. मी म्हणालो, झोपला असेल. इनामदारांनी पांढरी क्रिस्टल अर्धा तास बाहेर काढली नाही. साहेब जीपमधून बोंबलत राहिले. शेवटी खरखरीतून एक तार तुटल्यासारखा आवाज आला : डोंगरावरून दरड आली होती, सेटच्या एरियलचा खांब पडला होता, हा बाबा गोधडीत गुंडाळलेली बॅटरी घेऊन शाळेच्या पडवीत सेट जोडत बसला होता. साहेब परत आल्यावर इनामदारांना झाडायला खोलीत शिरले आणि सगळं ऐकून मुकाट्याने बाहेर पडले.

गमती म्हणाल तर, आमचे एक साहेब क्रिकेटचे वेडे होते. सामना असला की दर तासाला गाडीतून विचारायचे, "नगर, परिस्थिती काय?" परिस्थिती म्हणजे धावसंख्या. शेजारच्या चहावाल्याच्या रेडिओवर कान ठेवून मी गंभीर आवाजात कळवायचो, "परिस्थिती तीन बाद नव्वद." एकदा राहुरीच्या फौजदारांनी हे मध्येच ऐकलं आणि घाबरून विचारलं, "कोण बाद झालं? कुठल्या गावचे?"

इनामदार निवृत्त झाले आणि खुर्ची माझ्याकडे आली. पाठोपाठ दुष्काळ आला. बहात्तरचा. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी फक्त माझ्या खोलीतून ऐकला तेवढाच सांगू शकतो. जिल्ह्याच्या पूर्वेला, जिकडे पाऊस एरवीही वाट चुकूनच जातो, तिकडे सरकारने कामं काढली होती. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव. हजार हजार माणसं एकेका कामावर. अशा एका लांबच्या कामावर आम्ही एक लहान सेट ठेवला आणि त्यावर साहेबराव नावाचा शिपाई नेमला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले लोक अजून आहेत.

साहेबराव पंचविशीचा, गव्हाळ, हसरा आणि बोलघेवडा. फार म्हणजे फारच बोलघेवडा. त्याला त्या सेटचं कौतुक इतकं की स्वतःचा टॉवेल त्यावर पांघरायचा आणि स्वतः उन्हात बसायचा. आणि सकाळपासून सुरू.

"नगर, नगर, टँकर अजून आला न्हाई. लोकं लई कावल्यात."

"नगर, टँकर आला. पर पानी गढूळ हाय."

"नगर, ड्रायव्हर म्हनतो जेवल्याबिगर माघारी जानार न्हाई. काय करू?"

"त्याला जेवू घाल," मी ओरडायचो.

"व्हय सायेब. मीबी तेच म्हनलो. घातलं."

ऐकणाऱ्याच्या कानाला वीट येईल असं ते होतं. आणि बॅटरी संपायची, ती चार्ज करायला पाठवायची तर दोन दिवस सेट बंद. म्हणून मी एक कागद तयार केला. माझ्या सुवाच्य अक्षरात. लहान सेटवाल्यांनी दर पाव तासाला, ठरलेल्या वेळीच बोलावं. तीन हाका द्याव्यात. उत्तर न आल्यास पुढच्या पाव तासापर्यंत थांबावं, मध्ये सेट चालू करू नये. आणि त्या ठरलेल्या वेळी नगर दोन मिनिटं पांढरी क्रिस्टल खोचून ऐकेल. साहेबांना कागद फार आवडला. त्यांनी तो सगळीकडे पाठवला. साहेबरावला मी वरून वेगळं झापलंही, "हा काय पारावरचा गप्पांचा अड्डा आहे का?" तो म्हणाला, "चुकलं सायेब." त्यानंतर तो शहाण्या मुलासारखा वागू लागला. पाव तासाला बोलायचा, कामापुरतं बोलायचा. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आता नोंदवहीचं सांगायला हवं. दर पाव तासाला ऐकलं की वहीत वेळ लिहायची आणि पुढे काय ऐकलं ते. बहुतेक वेळा काहीच नसे. मग लिहायचं, 'चॅनल शांत'. एका पाळीत असं तीसएक वेळा. त्यामुळे आमच्यात एक रीत पडली होती. सकाळी पाळीवर आलं की दुपारपर्यंतच्या सगळ्या वेळा आणि त्यांच्यापुढे 'चॅनल शांत' एका बैठकीत लिहून मोकळं व्हायचं. काही संदेश आलाच तर ती ओळ खोडून खरी लिहायची. सगळे करत. इनामदार करत नसत, पण ते जुन्या वळणाचे, असं आम्ही म्हणायचो. खोटं लिहितोय असं कोणाच्या मनातही नसे. शांत तर असणारच, मग आधी लिहिलं काय आणि नंतर लिहिलं काय.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. मंत्रिमहोदय दुष्काळी कामं पाहायला आले. गाड्यांचा ताफा, पुढे जीप, मागे जीप, त्यात एक डॉक्टरांची. मला सूचना होती, 'दौऱ्याकडे लक्ष ठेवा.' फक्त दौऱ्याकडे, असं कोणी म्हटलं नव्हतं. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला उलटं सांगत आलो.

सकाळपासून लाल क्रिस्टल. हार आले का, फोटोवाला कुठे आहे, साहेबांना ताक हवंय, ताक गार हवंय. साडेदहापर्यंत मी दर पाव तासाला पांढरी खोचून आलो. पावणेअकराला हात क्रिस्टलकडे नेला, तेवढ्यात ताफ्यातून विचारणा झाली की मंत्र्यांना वाटेतलं एक देऊळ पाहायचं आहे, रस्ता बरा आहे का. मी नकाशा उलगडला, माहिती दिली. पलीकडून मोठ्या साहेबांचा स्वतःचा आवाज आला, "शाबास, पाठक." नाव घेऊन. मंत्र्यांच्या शेजारी बसून. माझे कान तापले. अकरा वाजले. घड्याळ माझ्या समोर होतं, मला दिसलं अकरा वाजले. मनात म्हणालो, साहेबराव असेल, टँकर आला नसेल. आणि त्याच लाल चॅनलवर बसून राहिलो, आणखी एकदा नाव घेतलं जाईल म्हणून.

सव्वाअकराला पांढरी खोचली. साहेबरावचा आवाज घोगरा झाला होता, पण बोलणं अगदी माझ्या कागदाबरहुकूम. "नगर, नगर, नगर. अतितातडी. नगर, नगर, नगर."

तलावाच्या पायाचा खोल चर खणत होते. साडेदहा होऊन गेल्यावर एका बाजूचा मुरूम ढासळला. तिघं खाली सापडले. दोघांना लगेच ओढून काढलं. तिसरी बाई, तिशीची, छातीपर्यंत गाडली गेली होती. लोकांनी टोपलं-फावडं टाकून नखांनी उकरलं आणि अकराच्या सुमारास तिला बाहेर काढलं. जिवंत होती, बोलत होती, पाणी मागत होती. पण श्वास पुरत नव्हता. गावात वाहन नव्हतं. साहेबरावने पावणेअकराला तीन हाका दिल्या. नंतर मुरूम उकरायला पळाला. अकराला येऊन परत तीन हाका दिल्या. नंतर एकाला सायकलवरून डांबरी रस्त्याला पिटाळलं आणि बाईला बैलगाडीत घातलं. तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

मी लाल खोचली आणि डॉक्टरांची जीप मागितली. दोन मिनिटांत ती वळली. ताफा तिथून जेमतेम सहा मैलांवर होता. पावणेअकराला तर चारच मैलांवर, त्या देवळाच्या फाट्याशी, जिथला रस्ता बरा आहे म्हणून मी सांगितलं होतं. जीपला बैलगाडी वाटेत भेटली. बाई थोड्याच वेळापूर्वी गेली होती. पुढे डॉक्टर मला म्हणाले, "अर्धा तास आधी मिळाली असती तर वाचली असतीच असं नाही सांगता येत. पण हातात काहीतरी आलं असतं." तिचं नाव कौसाबाई. दोन मुलं होती. हे मला चौकशीच्या कागदांवरून कळलं.

जीप वळवून झाल्यावर मी वही पुढे ओढली. दोन ओळी तिथे होत्याच, सकाळी लिहिलेल्या. 'पावणेअकरा : चॅनल शांत.' 'अकरा : चॅनल शांत.' मी पेन उघडलं. सव्वाअकराची ओळ खोडून संदेश लिहिला. वरच्या दोन ओळींवर पेन नेलं आणि थांबलो. खोडल्या तर लिहायचं काय? 'ऐकलं नाही'? खोलीत कोणी नव्हतं. मला कोणी धमकावलं नव्हतं. मी पेनाला टोपण लावलं.

पंधरा दिवसांनी चौकशीचे अधिकारी आले. सभ्य माणूस. साहेबरावचा जबाब त्यांच्यापुढे होता : दोनदा तीन-तीन हाका दिल्या. माझी वही त्यांच्यापुढे होती : दोनदा शांत. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही दोन्ही वेळा ऐकलं होतं ना?"

"होय साहेब," मी म्हणालो.

निष्कर्ष असा निघाला की उन्हाने बॅटरी मधूनच उतरत असावी, म्हणून सव्वाअकराच्या आधीच्या हाका पोचल्या नाहीत आणि सेटची तपासणी न करण्यात शिपायाची हयगय झाली. साहेबरावकडून सेट काढून घेतला. पुढची सगळी नोकरी त्याने फाटकावर पहारा करत काढली. मी त्याला दोनतीनदा त्या फाटकावर पाहिलं. तो सलाम करायचा. मी मान हलवून आत जायचो.

नंतर मला बढत्या मिळाल्या. नव्या मुलांना मी शिकवलं, वही आधी लिहू नका, यावर फार कडक होतो. ती मला खवचटपणे 'वहीवाले पाठक' म्हणत. का कडक आहे ते त्यांना सांगितलं नाही. बायकोला सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही सांगितलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांकडून आलो आणि चार दिवस जेवण गेलं नाही. मग जुन्या मंडळींना फोन लावून लावून साहेबरावचं गाव मिळवलं; ते त्या तलावाच्याच बाजूला निघालं. एस.टी.ने गेलो. मुलाने गाडीतून सोडतो म्हटलं, पण त्याच्यासमोर मला हे करायचं नव्हतं. घराच्या ओट्यावर साहेबराव बाज टाकून बसला होता. पार वाळलेला, पण हसू तेच. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

"पाठकसायेब! आवं, तुमी?"

मी बसलो. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलू लागला, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याच दिवसावर आला, जणू आम्ही कालच तिथे थांबलो होतो.

"आजबी मनात येतं सायेब. त्या दिशी मी बॅटरीवर गोनपाट टाकायचं इसरलो हुतो. उनानं मधीच गेली आसंल. आन् नगरच्या वहीत शांत लिवलं हुतं म्हंजी माझा आदूगरचा आवाज पोचलाच न्हाई. तीन हाका झाल्या आन् मी थांबलो. कागदात तसंच हुतं. पर चौथी मारायला पायजे हुती. ती बाई पानी मागत हुती, आन् मी घड्याळाकडं बघत हुतो."

मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की तो मला मनातून शिव्या देत असेल. शिव्यांची माझी तयारी होती. त्याने माझ्या वहीवर विश्वास ठेवला असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"साहेबराव," मी म्हणालो, "तुझी बॅटरी चांगली होती. मी ऐकतच नव्हतो. मंत्र्यांच्या गाड्या ऐकत होतो. ते 'शांत' मी सकाळीच लिहून ठेवलं होतं."



"म्हंजी आवाज गेल्ता?"

"गेला असणार. सव्वाअकराला लख्ख आला."

"म्हंजी सेट चालू हुता."

"होय."

तो बाजेवरून उठला. दाराशी जाऊन त्याने हाक मारली, "अगं ए, भाईर ये. ह्ये नगरचं पाठकसायेब हायत. काय म्हनत्यात ऐक. सेट चालू हुता!" तो हसत होता. मला रडू आवरेना आणि तो माझ्या खांद्यावर थोपटत होता. बायको हात पुसत बाहेर आली. "पुन्यांदा सांगा सायेब," तो म्हणाला, "हिच्यापुढं सांगा."

मी पुन्हा सगळं सांगितलं.  माझं संपल्यावर ती म्हणाली, "ह्यो मानूस त्या तळ्याच्या रस्त्यानं जात न्हाई. बाजाराला जायचं तर लांबनं वळसा घालून जातो. किती वरसं झाली?"

"पन्नास," मी म्हणालो.

"आन् तुमाला आज सवड घावली?"

साहेबराव गडबडीने म्हणाला, "अगं, आसं काय बोलती? लांबनं आल्यात ते. च्या टाक की."

ती जागची हलली नाही.